आतल्या खोलीची ऊब



गेल्या पौषातली गोष्ट. संक्रांतीला चार-पाच दिवस होते. बातम्यांत रोज निफाडचा पारा किती उतरला ते सांगत होते, आणि निफाडला थंडी पडली की वैजापूरलाही हुडहुडी भरतेच. माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो, पंच्याऐंशीच्या आहेत. गुडघ्यांमुळे माडीवर चढणं बंद झालं म्हणून दिवाळीनंतर त्यांचा पलंग आम्ही जुन्या घरातल्या आतल्या खोलीत आणला होता. खोली लहान, दहा बाय आठची. पण तिथून मंदिराची घंटा ऐकू येते आणि चार पावलांवर मोरी, म्हणून त्यांना तीच आवडली.

तीन-चार रात्री त्या म्हणत होत्या, "पाय गार पडतात गं." म्हणून एका रात्री मीच कोळशाची शेगडी पेटवली, चांगले लाल निखारे होऊ दिले, धूर गेला तशी खोलीत नेऊन ठेवली. खिडकीच्या फटीत जुना टॉवेल खुपसला, दाराखाली गोणपाट लावलं. आत्याबाई "अग्नी नको गं खोलीत" म्हणाल्या होत्या. मला वाटलं, या त्यांच्या नेहमीच्या नियमातलं बोलतायत. मी म्हटलं, "आजच्या दिवस असू द्या."

पहाटे साडेचारला मी सहज उठले म्हणून कळलं. त्या अर्धवट शुद्धीत होत्या, उलटी झाली होती, डोकं फुटतंय म्हणत होत्या. दार-खिडकी उघडून त्यांना ओसरीवर आणलं, गाडी काढली, दवाखाना गाठला. ऑक्सिजन लावला आणि दोन दिवसांनी त्या घरी आल्या. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी दोन तास गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं."

त्यानंतर घरात एकच विषय. मोठे दीर म्हणाले, आईला संभाजीनगरला आमच्या फ्लॅटवर नेतो, या जुन्या घरात थंडी काढणं शक्य नाही. त्यांचं चूक नव्हतं. पण आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "अरे, १९५८ ला मी या घरात आले. माझी चारही बाळंतपणं याच खोलीत झाली, त्यातली दोन पौषात. तेव्हा कधी थंडी नाही वाजली. आता खोलीला काय झालं?"

त्या प्रश्नानं मला कामाला लावलं. खोली तीच, गाव तेच, थंडीही तीच. मग बदललं काय? त्याचा शोध घेताना आमच्या घराचा शंभर वर्षांचा इतिहासच समोर आला. तुमच्यापैकी पुष्कळजणींची घरं अशीच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पांढरीच्या मातीचं घर

आमच्या घराचा मूळ कागद उर्दूत आहे. वैजापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. एका जुन्या गुरुजींकडून तो वाचून घेतला, तर त्यावर फसली सन १३३५ निघालं. म्हणजे इंग्रजी १९२५-२६. घराला आता शंभर वर्षं झाली.

भिंती मातीच्या, खाली दगडी जोतं. बाहेरची भिंत मी टेपनं मोजली, दोन फुटांच्या वर भरली. ही माती शेतातली नव्हे. आपल्याकडे गावाच्या शिवाराचे दोन भाग मानतात, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिची भिंत टिकत नाही. म्हणून घरासाठी पांढरीची माती. तिच्यात भुसा कालवून, तुडवून, मुरवून भिंत चढवायची.

वर माळवद होतं. सागाच्या तुळया, त्यावर लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पाल्याचा थर आणि सगळ्यात वर फूटभर चोपलेली पांढरी माती. आत्याबाई सांगतात, थंडीत दुपारी सगळ्या बायका माळवदावर जमायच्या. निवडणं-टिपणं, वेणीफणी, लहानग्यांचं तेल लावणं, सगळं तिथंच. बायका वर ऊन खात असत, त्याच वेळी माळवदही ऊन खात असे.

यामागचा हिशेब सोपा आहे. आपल्या भागात थंडीत दिवस आणि रात्र यांत फार अंतर असतं. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा अठ्ठावीसच्या आसपास जातो आणि पहाटे दहा-अकरावर, कधी त्याच्याही खाली येतो. मातीतून उष्णता फार हळू सरकते. ढोबळ मानानं एक इंच जायला तिला तासभर लागतो. म्हणजे फूटभर मातीच्या माळवदावर दुपारी बारा-एकला पडलेलं ऊन खालच्या खोलीत पोचतं ते मध्यरात्री, नेमकं हवं तेव्हा. आणि दोन फुटांची भिंत असेल तर उन्हाची लाट आणि गारठ्याची लाट, दोन्ही आत येईतो विरून जातात. आत उरतो तो दिवस-रात्रीचा मधला पारा. अठ्ठावीस आणि अकरा यांचा मध्य काढा, साडेएकोणीस येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये थंडीत घराच्या आत निदान १८ अंश तरी असावेत असं सांगितलं, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं असंही म्हटलं. आपल्या पणजोबांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण त्यांचं घर तो आकडा विस्तवाशिवाय गाठत होतं.

याची प्रचीती घ्यायची असेल तर थंडीत सकाळी लवकर वेरूळला जा. तीस ते चौतीस क्रमांकाच्या आपल्या जैन लेण्या आहेत ना, तिथं अंगणात हात गारठलेले असतात आणि आत मूर्तीजवळ गेलं की हवा सौम्य लागते. डोंगराएवढी जाड भिंत असल्यावर बाहेरच्या एका रात्रीचा गारठा आत पोचणार कसा? आपलं मातीचं घर त्याच चालीचं, फक्त लहान.

चुलीची भिंत

आता आतल्या खोलीकडे येते. ही खोली घराच्या पोटात आहे. तिच्या तीन बाजूंना घराच्याच खोल्या आहेत आणि एकच भिंत बाहेरची, तीही दक्षिणेची. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कललेला जातो, त्यामुळे ती भिंत दिवसभर उन्हात. खिडकी एवढीशी, दार ठेंगणं आणि जाडजूड सागाचं. वर उजेडासाठी आणि हवेसाठी एक झरोका होता, पावसाळ्यात त्यावर मडकं पालथं घालायचे.

पण सगळ्यात महत्त्वाची होती पूर्वेची भिंत. तिच्या पलीकडे स्वयंपाकघर, आणि चूल त्या भिंतीला लागूनच. ही आतली भिंत दीड फुटांची. सकाळी पाणी तापवणं, मग स्वयंपाक, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा जेवणं. चूल दिवसातून पाच-सहा तास पेटलेली असायची. सकाळच्या चुलीची ऊब त्या दीड फुटातून सरकत सरकत रात्री आतल्या खोलीत यायची. आत्याबाईंना विचारलं, तुमची बाज कुठं असायची? त्यांनी लगेच त्याच भिंतीकडे बोट केलं. "बाळंतिणीची बाज कायम या भिंतीला. माझ्या सासूबाई सांगायच्या, भिंतीला पाठ लावून नीज."

बघा मैत्रिणींनो, आपल्याकडे दिवस मावळल्यावर चूल पेटवायची नाही हा नियम. तो जीवदयेसाठी, उबेशी त्याचा संबंध नाही. पण ज्या घरात रात्री विस्तव नसतो, त्या घरातल्या बायकांना दिवसाचीच ऊब रात्रीपर्यंत कशी पुरवायची हे शिकावंच लागलं असणार. शेगडी फक्त बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायच्या वेळी आत यायची, तीही दार सताड उघडं ठेवून, आणि शेक झाला की बाहेर.

रेल्वेनं आलेल्या वस्तू

मग बिघडलं कुठून? हळूहळू, एकेक गोष्ट करत. आणि प्रत्येक गोष्ट करताना घरच्यांना वाटलं होतं की घर सुधारतंय.

मनमाडहून औरंगाबादकडे, पुढे हैदराबादेकडे जाणारी निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. आपलं स्टेशन रोटेगाव. रेल्वेमुळे कापूस आणि धान्य बाहेर जाऊ लागलं, आणि बाहेरच्या वस्तू आत येऊ लागल्या. त्यातल्या तीन वस्तूंनी आपली जुनी घरं बदलली.

पहिली शहाबादी फरशी. शहाबाद हे गुलबर्ग्याजवळचं गाव, तेही निजामाच्याच राज्यात. तिथला तो गुळगुळीत दगड मराठवाड्यात घरोघर पसरला. आमच्याकडे ती फरशी १९६० च्या दशकात आली. त्याआधी शेणानं सारवलेली मातीची जमीन होती. सारवायचा त्रास वाचला, झाडायला-पुसायला सोपं झालं, किडा-मुंगी दिसू लागली. आत्याबाई आजही फरशीचं नाव काढलं की खूश होतात, कारण कंबर त्यांची वाचली. पण दगड पायातली उष्णता झटकन ओढून घेतो, माती आणि शेण तसं करत नाहीत. दोन्हीचा पारा एकच असला तरी पायाला फरशी जास्त गार लागते, ती यामुळेच.

दुसरी वस्तू सिमेंट. मातीच्या भिंतीचा पोपडा सुटतो, दर वर्षी लिंपावं लागतं, म्हणून आमच्या सासऱ्यांनी भिंतींना खालून चार फूट सिमेंटचा गिलावा करून घेतला. वरून भिंत छान दिसू लागली. पण मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि उन्हात ती सोडून देते. सिमेंटनं तिचं अंग झाकल्यावर ओल आत कोंडली. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा गार, हे ओलं लुगडं अंगावर असल्यावर काय होतं ते आठवलं की पटतं.

तिसरी वस्तू पत्रा. नागमोडी पत्रा लंडनमध्ये १८२९ साली निघाला, पुढे जस्ताचा मुलामा द्यायला लागले आणि तो जगभर गेला. आमच्या गावात गोदामांवर, दुकानांवर पत्रे केव्हाच आले होते, घरावर मात्र आम्ही माळवदच ठेवलं होतं. ते गेलं त्याला कारण वेगळं घडलं.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तिथली माळवदं फार जड झाली होती, कारण गळू नये म्हणून दर पावसाळ्याच्या आधी वर नवी माती टाकायची आणि जुनी कुणी काढायची नाही. वर्षानुवर्षं असं करत थर दोन-दोन फुटांवर गेले होते.

किल्लारी आमच्यापासून लांब. पण ती छायाचित्रं पाहून सगळ्या मराठवाड्यात ज्याच्या-त्याच्या डोक्यावर माळवद होतं, त्याची झोप उडाली. सासऱ्यांनी पुढच्याच उन्हाळ्यात आमचं माळवद उतरवलं. गाड्याच्या गाड्या माती निघाली. वर लोखंडी अँगल आणि पत्रे टाकले. मी तेव्हा नवी नवरी होते, मला आठवतं, घर एकदम उजळ आणि उंच वाटलं. त्या रात्री सासरे म्हणाले, "आज बऱ्याच दिवसांनी निवांत झोप लागेल."

म्हणून "जुनं ते सोनं" असं मी सरसकट म्हणणार नाही. ते माळवद उबदार होतं आणि जडही होतं. ते उतरवण्यात सासऱ्यांचं काही चुकलं नाही. पण त्याच्याबरोबर घराचं काय गेलं ते आम्ही कुणी लक्षात घेतलं नाही, त्याच्या बदल्यात दुसरं काही दिलं नाही. पत्र्यातून ऊन क्षणात आत येतं आणि क्षणात जातं. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो, म्हणून तर पहाटे त्याच्या आतल्या बाजूनं दव ठिबकतं. ज्यांच्याकडे स्लॅब आहे त्यांचं थोडं बरं, पण चार-पाच इंची स्लॅबमधून दुपारचं ऊन संध्याकाळी उतरून जातं, पहाटेपर्यंत पुरत नाही.

उरलं ते गॅसनं केलं. चूल गेली, ओटा आला, आणि स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. डोळ्यांतला धूर गेला, फुफ्फुसं वाचली, त्यात वादच नाही. पण पूर्वेची भिंत तेव्हापासून गारच. आणि शेवटी चार वर्षांपूर्वी मी हौसेनं त्या खोलीच्या लाकडी खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली आणि झरोका बुजवला. ऊब देणारं सगळं आधीच गेलेलं, आणि हवा जायची वाटही मी बंद केली. त्या खोलीत मी शेगडी ठेवली.

कोळसा नीट न जळता धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाल निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून आपण निर्धास्त होतो आणि तिथंच फसतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे द्रव्य असतं त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं झोप येतेय. मैत्रिणींनो, हात जोडून सांगते, बंद खोलीत शेगडी, निखारे, घमेलं काहीही ठेवू नका. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नाही.

परिषह कुणाचा

घरी आल्यावर आत्याबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, तत्त्वार्थसूत्र दर वर्षी ऐकतेस ना?" दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय, दहा दिवसांत दहा. दुसऱ्या अध्यायात पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती हे पाच स्थावर जीव सांगितले आहेत. अग्नी हाही जीव, आणि त्यात येऊन पडणारे किडे वेगळेच. त्यामुळे गरजेपुरता, डोळ्यांसमोर आणि दिवसा, हा त्यांचा विस्तवाचा नियम. मी तो नियम म्हातारपणाचा हट्ट समजत होते.

पण मी त्यांना उलट एक विचारलं. नवव्या अध्यायात बावीस परिषह आहेत. भूक, तहान आणि तिसरा थंडी. मुनिमहाराज थंडीत आपल्या गावात येतात तेव्हा लाकडी फळीवर किंवा वाळल्या गवतावर निजतात, आपण पाहतो. मग तुम्हीही थंडी सोसायचीच असं म्हणता का? त्या हसल्या. "मुनींनी घेतलेलं ते व्रत आहे. मी कुठं घेतलंय? आणि मी घेतलं तरी सोसायचं मी. माझ्या वाट्याची तपश्चर्या तू कशाला ठरवतेस?"

ते मला पुरलं. म्हाताऱ्या माणसाला गारठ्यात ठेवणं हे आपलं वैराग्य नव्हे, आणि त्याच्या उशाशी विस्तव ठेवणं ही सेवा नव्हे. तिसरी वाट काढायची होती. दिरांकडून होळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आम्ही काय केलं

खोलीनं जे एकेक गमावलं होतं, तेच एकेक परत द्यायचं ठरवलं. माळवद परत येणार नव्हतं, आणि नकोच होतं. पण मला आपला चंदोवा आठवला. चुलीवर, पाण्याच्या जागेवर, जात्यावर, उखळावर आपण कापड बांधत आलो, वरून जीव पडू नये म्हणून. बाजारातून बांबूच्या तट्ट्या आणल्या, पत्र्याखाली हातभर जागा सोडून आडव्या बांधल्या आणि त्याखाली पांढऱ्या मांजरपाटाचा मोठा चंदोवा ताणून बसवला. पत्रा आणि तट्टी यांच्यामध्ये जी हवा कोंडते, तीच आता आमचं माळवद. वजन जवळजवळ नाही, अंगावर पडलं तरी इजा नाही. उंदीर-पाली राहू नयेत म्हणून कडा नीट शिवून घेतल्या. महिन्यातून एकदा चंदोवा उतरवून हलक्या हातानं झटकते.

गोधडीचंही तेच आहे. गोधडी उबदार होते ती थरांमधल्या हवेमुळे, म्हणून एका जाड रजईपेक्षा दोन पातळ गोधड्या जास्त ऊब देतात. आत्याबाईंच्या स्वतःच्या जुन्या नऊवारी लुगड्यांच्या दोन गोधड्या पेटीतून काढल्या, उन्हात टाकल्या. लोकरीचं पांघरूण त्यांना नकोच असतं, आणि त्याची गरजही पडली नाही.

जमिनीवर आधी गोणपाट, त्यावर चटई, त्यावर सतरंजी. पलंगाच्या बाजूनं कड्या दुमडून शिवल्या म्हणजे पाय अडकत नाही, म्हाताऱ्या माणसांच्या घरात हे विसरू नका. सिमेंटचा गिलावा थंडीत काढण्यात अर्थ नव्हता. तेव्हा भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून काठीला जुनी सतरंजी लटकवली. गार भिंतीशेजारी बसलं की हवा ठीक असूनही अंगाला थंडी वाजते, कारण अंगातली ऊब भिंतीकडे जात राहते. मध्ये कापड आलं की ते थांबतं. उन्हाळा लागला तसा तो गिलावा उतरवला आणि पांढरी माती, भुसा, शेण यांचं जुनं लिंपण करून घेतलं. जुना कारागीर शोधायलाच पंधरा दिवस गेले.

बुजवलेला झरोका पुन्हा उघडला, जाळी बसवली. आधी हे मला उलटंच वाटलं होतं, पण श्वासाला हवा हवीच. गारठा येतो तो अंगावर वाहणाऱ्या झोताचा, आणि तो दाराच्या जाड पडद्यानं थांबला. दिवसा अकरा ते चार खिडकीचा पडदा पूर्ण उघडा, दक्षिणेचं ऊन सरळ आत. चारनंतर बंद. हे काम नातवाकडे दिलंय, तो घड्याळ लावून करतो.

आणि पायांसाठी पाण्याची रबरी पिशवी. प्यायचं पाणी आपण उकळतोच, त्यातलंच दिवस मावळायच्या आत पिशवीत भरते, दोन पदरी फडक्यात गुंडाळते आणि गोधडीत ठेवते. रात्री आठला अंथरूण ऊबदार असतं. म्हाताऱ्या कातडीला भाजल्याचं लवकर कळत नाही, म्हणून फडक्याशिवाय कधीच नाही. काश्मीरची कांगडी, इराणची कोर्सी, जपानचा कोतात्सू, या सगळ्यांचं सूत्र एकच होतं, खोली तापवत बसू नका, माणसाला ऊब द्या. त्यांच्याकडे त्यासाठी निखारे होते, आपल्याला गरम पाणी पुरतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाजराशिवायची भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी, हे तर आहेच. आतली ऊब तीही हवी.

यंदाची थंडी

खोलीत एक साधा तापमापक लावला आहे. गेल्या वर्षी दवाखान्यातून आल्यावर पहाटे तो चौदा दाखवत होता. चंदोवा, सतरंज्या आणि पडद्यानंतर सोळा. यंदा भिंतीचं लिंपण झाल्यावर, बाहेर दहा-अकरा असताना, आत अठरा. आत्याबाईंच्या सुनेच्या काळात, म्हणजे १९५८ मध्ये, कदाचित याहून दोन अंश जास्तच असतील. तेवढं आम्हाला जमलं नाही. त्याच्या बदल्यात डोक्यावर टनभर माती नाही आणि डोळ्यांत धूर नाही.

होळीला दीर आले होते तेव्हा काही बोलले नाहीत, खोलीभर फिरून तट्ट्यांना हात लावून पाहिला आणि गेले. यंदा मार्गशीर्षात आले ते मुक्कामाला. रात्री आईच्या खोलीतच खाली अंथरूण घातलं. सकाळी मी सामायिकासाठी उठले तर दार उघडं होतं. आत्याबाई पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून माळ जपत बसल्या होत्या, आणि हा साठीचा मुलगा गोधडी डोक्यावरून ओढून गाढ झोपला होता. मी पडदा सरकवायला गेले तशी त्यांनी हातानंच खुणावलं, राहू दे, झोपू दे त्याला.

फ्लॅटवर जायचा विषय त्यानंतर कुणी काढलेला नाही.

तुमच्या घरात अशी एखादी आतली खोली असेल तर घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला एकदा विचारा, तुमची बाज कुठल्या भिंतीला असायची? बाकीचं त्या उत्तरातून सापडत जाईल. आणि शेगडीबद्दल मी वर जे लिहिलं ते तेवढं आपल्या लेकी-सुनांना आजच सांगा.

जय जिनेंद्र.